गाठ काढली, आता पुढचे उपचार कशाला? स्तनाच्या कॅन्सरचे पसरणे समजून घेऊ



कोथरूडच्या केळेवाडीत, सुतारदऱ्यात, किष्किंधानगरात किंवा जयभवानीनगरात, वस्ती कोणतीही असो, एखाद्या घरात स्तनाच्या कॅन्सरचे ऑपरेशन झाले की थोड्याच दिवसांत एक प्रश्न पुढे येतो. "गाठ काढली ना? मग आता इंजेक्शने कशाला?" हा प्रश्न विचारणारी बाई अडाणी नसते. ऑपरेशनसाठी उसनवारी झालेली असते. चार घरची धुणीभांडी करणारीचे महिनाभर खाडे झालेले असतात आणि काम सुटण्याची भीती असते. गाठ तर निघून गेलेली असते. मग केमोच्या फेऱ्या, आठवड्यातले पाच दिवस शेक आणि पुढे पाच वर्षे रोजची गोळी, हे सगळे कशासाठी?

या प्रश्नाचे उत्तर कॅन्सर शरीरात कसा पसरतो यात आहे. गेल्या वीस-बावीस वर्षांत शास्त्रज्ञांना त्याबद्दल बरेच नवे कळले आहे. गाठीतल्या काही थोड्या पेशी वेगळ्या असतात, त्यांच्या अंगावर ओळखीच्या खुणा असतात, आणि रोग परत उलटण्यात त्यांचा मोठा हात असावा, असे दिसले आहे. हा विषय आम्ही या पाठात सोप्या शब्दांत मांडत आहोत. शेवटी काही प्रश्न दिले आहेत. विहारात किंवा महिला मंडळात एकत्र बसून पाठ मोठ्याने वाचावा आणि मग त्या प्रश्नांवर बोलावे.

जिवाला धोका कशाने होतो?

स्तन हा हृदय, फुप्फुस किंवा मेंदू यांसारखा जीव चालवणारा अवयव नाही. गाठ स्तनातच राहिली तर सहसा ती जीव घेत नाही. ती पसरली की धोका सुरू होतो. गाठीतल्या काही पेशी सुटतात आणि आधी बहुधा काखेतल्या ग्रंथींमध्ये पोहोचतात. रक्तावाटे त्या हाडे, फुप्फुसे, यकृत आणि मेंदू इथपर्यंत जातात. तिथे त्यांनी नवी गाठ धरली की त्याला डॉक्टर मेटास्टॅसिस म्हणतात. हाडात गेलेला स्तनाचा कॅन्सर हा स्तनाचाच कॅन्सर असतो, 'हाडांचा कॅन्सर' नव्हे. त्याला औषधेही स्तनाच्या कॅन्सरचीच लागतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात भारतात स्तनाच्या कॅन्सरच्या सुमारे १ लाख ९२ हजार नव्या रुग्ण होत्या आणि सुमारे ९८ हजार बायका या रोगाने दगावल्या. त्यातल्या बहुतेक मृत्यूंमागे रोगाचे पसरणे असते. पसरण्याआधी गाठ सापडली आणि उपचार पुरे झाले, तर बरे होण्याची शक्यता खूप वाढते.

बी आणि जमीन

१८८९ मध्ये लंडनचे एक सर्जन स्टीफन पॅजेट यांनी स्तनाच्या कॅन्सरने मृत्यू झालेल्या ७३५ बायकांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी तपासल्या. रोग शरीरभर कुठेही सारखाच पसरलेला नाही, काही अवयवांत तो वारंवार दिसतो आणि काहींत क्वचितच, हे त्यांच्या लक्षात आले. त्यांनी ते बी आणि जमिनीच्या उपमेने सांगितले. झाडाचे बी वाऱ्यावर चहूकडे उडते, पण रुजते ते मानवणाऱ्या जमिनीतच.

शेतातून शहरात आलेल्या आपल्या घरांना हे वेगळे शिकवायला नको. गाठीतून रोज कितीतरी पेशी रक्तात सुटत असतील, पण त्यातल्या बहुतेक मरतात. नव्या जागी रुजणारी एखादीच. मग रुजणारी ती पेशी कोणती? पॅजेट यांच्यानंतर शंभर वर्षांहून अधिक काळ याचे नीट उत्तर मिळाले नव्हते.

गाठीतल्या सगळ्या पेशी सारख्या नसतात

आपल्या शरीरात मूळपेशी असतात. त्यांनाच इंग्रजीतून आलेल्या शब्दाने स्टेम सेल म्हणतात. त्यांचे काम दोन प्रकारचे: स्वतःसारखी पेशी तयार करणे आणि गरजेप्रमाणे वेगवेगळ्या कामाच्या पेशी जन्माला घालणे. कातडी खरवडली तर नवी येते, रक्त दिले तर भरून निघते, ते या पेशींमुळेच. बाळंतपणात स्तनात दुधाच्या पेशी वाढतात, त्यामागेही तिथल्या मूळपेशी असतात.

२००३ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी स्तनाच्या कॅन्सरच्या रुग्णांच्या गाठीतल्या पेशी घेतल्या आणि अंगावरच्या खुणांप्रमाणे त्यांचे गट पाडले. मग हे गट वेगवेगळ्या उंदरांमध्ये टोचले. एका विशिष्ट गटाच्या अवघ्या शंभर पेशींनी उंदरात नवी गाठ उभी राहिली. दुसऱ्या गटाच्या हजारो पेशी टोचूनही गाठ झाली नाही. नव्या गाठीत पुन्हा दोन्ही प्रकारच्या पेशी होत्या. म्हणजे त्या थोड्या पेशींनी आपल्यासारख्याही पेशी केल्या आणि इतरही केल्या. मूळपेशीचे हेच काम. म्हणून अशा पेशींना कॅन्सरच्या मूळपेशी म्हणू लागले.

शेतातली हरळी आठवा. वरचे गवत विळ्याने कापले की रान स्वच्छ दिसते. जमिनीत मुळाचा तुकडा राहिला असेल तर पहिल्या पावसात ती पुन्हा फुटते. दिसणारी गाठ म्हणजे वरचे गवत, आणि या थोड्या पेशी म्हणजे मुळाचे तुकडे.

खूण म्हणजे काय?

प्रत्येक पेशीच्या अंगावर प्रथिने असतात. बिल्ल्यावरून किंवा गणवेशावरून माणूस कोणत्या खात्याचा ते ओळखावे, तशी या प्रथिनांवरून पेशी ओळखता येते. अशा प्रथिनाला मार्कर म्हणजे खूण म्हणतात. मिशिगनच्या प्रयोगात गाठ उभी करणाऱ्या पेशींवर सीडी ४४ नावाची खूण होती आणि सीडी २४ ही खूण नव्हती किंवा फार कमी होती. २००७ मध्ये आणखी एक खूण पुढे आली, एएलडीएच १ नावाचे एन्झाइम. ज्या पेशींमध्ये ते जास्त असते त्यांच्यातही गाठ उभी करण्याची ताकद दिसली.

या खुणा नुसती ओळख पटवून थांबत नाहीत, त्या पेशीला कामही करून देतात. सीडी ४४ पेशीला भोवतालच्या ऊतीला धरून पुढे सरकायला मदत करते. एएलडीएच विषारी पदार्थ निकामी करते, त्यामुळे काही औषधांच्या माऱ्यातून पेशी वाचू शकते. २००६ मधल्या एका अभ्यासात स्तनाचा कॅन्सर सुरुवातीच्या टप्प्यात असलेल्या बायकांच्या हाडाच्या मगजात चुकून पोहोचलेल्या कॅन्सरच्या पेशी शोधल्या. त्यातल्या बहुतेकींवर सीडी ४४ होती आणि सीडी २४ नव्हती. गाठ लहान असतानाही बी दूर जाऊन पडलेले असू शकते, आणि ते बहुधा याच जातीचे असते, असा त्याचा अर्थ.

मात्र सीडी ४४ ही फक्त कॅन्सरची खूण नाही. निरोगी माणसाच्या पांढऱ्या रक्तपेशींवरही ती असते. म्हणून 'सीडी ४४ सापडली म्हणजे कॅन्सर' असा हिशेब होत नाही. या खुणांची तपासणी अजून दवाखान्यात रोजच्या वापरात आलेली नाही. संशोधन म्हणून ती फार मोलाची आहे, पण कोणी बाहेर पैसे घेऊन अशी तपासणी करून देतो म्हणाला तर आधी आपल्या कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारावे.

पेशी घर कशी सोडते?

स्तनातल्या दूधनलिकेच्या पेशी भिंतीतल्या विटांसारख्या एकमेकींना घट्ट चिकटून असतात. पसरण्याआधी काही पेशींची ही पकड सुटते. त्या आकार बदलतात, लांबट होतात आणि सरकू लागतात. २००८ मध्ये अमेरिकेतल्या प्रयोगांत दिसले की असा बदल घडवला की साध्या पेशींमध्येही मूळपेशीचे गुण येतात, आणि सीडी ४४ जास्त, सीडी २४ कमी ही खूणही उमटते.

यातून एक महत्त्वाची गोष्ट कळली. कॅन्सरची मूळपेशी ही जन्मजात वेगळी जात असेलच असे नाही. परिस्थितीप्रमाणे साधी पेशी मूळपेशीसारखी होऊ शकते आणि परत साधीही होऊ शकते. म्हणून फक्त मुळाचे तुकडे मारणारे एकच औषध पुरे पडेल असे शास्त्रज्ञ म्हणत नाहीत. गवतही काढायचे आणि मूळही.

टेकडीच्या पलीकडे चाललेले काम

हे सगळे दूर परदेशातच घडते असे समजू नये. कोथरूडच्या आपल्या बऱ्याच वस्त्या वेताळ टेकडीच्या उतारावर आहेत. त्याच टेकडीच्या पलीकडे पाषाणला आयसर ही विज्ञान संस्था आहे. प्रशांती कॅन्सर केअर मिशन ही पुण्यातली संस्था आणि आयसर मिळून आपल्या भागातल्या रुग्णांच्या स्तनाच्या कॅन्सरचा अभ्यास करतात. तिथून जवळच, गणेशखिंडीत विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे. तिथल्या डॉ. शर्मिला बापट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये अंडाशयाच्या कॅन्सरच्या रुग्णाच्या पोटात साठलेल्या पाण्यातून एकेक पेशी वेगळी वाढवली आणि त्या कॅन्सरमध्येही मूळपेशींसारख्या पेशी असतात हे दाखवले. याच केंद्रात डॉ. गोपाल कुंडू यांनी ऑस्टिओपॉन्टिन या प्रथिनावर वर्षानुवर्षे काम केले. हे प्रथिन सीडी ४४ ला जाऊन चिकटते आणि स्तनाचा कॅन्सर वाढण्या-पसरण्याला हातभार लावते.

असे अभ्यास होतात ते रुग्णांनी आपल्या गाठीचा तुकडा अभ्यासासाठी देण्याची संमती दिल्यामुळे. कोणी संमतीचा कागद पुढे केला तर तो वाचून घ्यावा, समजले नाही तर विचारावे. हो किंवा नाही म्हणण्याचा हक्क पूर्णपणे आपला आहे. नाही म्हटल्याने उपचार थांबत नाहीत.

उपचार अर्धवट का सोडू नयेत?

आता पहिल्या प्रश्नाकडे येऊ. ऑपरेशनने दिसणारी गाठ निघते. न दिसणाऱ्या, दूर जाऊन पडलेल्या पेशी सुरीला सापडत नाहीत. म्हणून पुढचे उपचार.

केमोथेरपी रक्तावाटे सगळीकडे पोहोचते आणि झपाट्याने वाढणाऱ्या पेशींना मारते. मूळपेशींसारख्या पेशी पुष्कळदा सावकाश वाढतात, काही तर झोपल्यासारख्या पडून राहतात. काही पेशी आत आलेले औषध बाहेर फेकूनही देतात. म्हणून केमोनंतर उरलेल्या गाठीत काही वेळा या पेशींचे प्रमाण वाढलेले दिसते. याचा अर्थ केमो फुकट गेली असा नाही. बाकीच्या पेशी मेल्या म्हणून या जास्त दिसतात. एका हत्याराने सगळे काम होत नाही, म्हणून डॉक्टर दुसरी, तिसरी हत्यारे वापरतात. शेक म्हणजे रेडिएशन स्तनाच्या आणि काखेच्या जागी उरलेल्या पेशींसाठी असतो. संप्रेरकांची गोळी पडून राहिलेल्या पेशींना वर्षानुवर्षे दाबून ठेवते.

संप्रेरकांवर वाढणारा कॅन्सर असेल तर टॅमॉक्सिफेन ही जुनी, स्वस्त गोळी पाच वर्षे घेतल्याने पंधरा वर्षांच्या काळात या रोगाने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी होतात, हे हजारो बायकांच्या अभ्यासांतून सिद्ध झाले आहे. अशा कॅन्सरचे बी दहा-पंधरा वर्षांनीही उगवू शकते. म्हणून दुसऱ्या वर्षी 'आता बरे वाटते' म्हणून गोळी बंद करणे धोक्याचे. त्रास होत असेल तर तो डॉक्टरांना सांगावा, मनाने गोळी सोडू नये.

मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलने पुढाकार घेतलेला एक अभ्यास इथे सांगण्यासारखा आहे. ऑपरेशनच्या वेळी गाठ हलते तेव्हा पेशी सुटू शकतात, या विचाराने डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी गाठ काढण्याच्या सात ते दहा मिनिटे आधी तिच्या भोवती लिडोकेन हे साधे भुलीचे औषध टोचून पाहिले. देशातल्या ११ केंद्रांवर सुमारे १,६०० बायकांवर हा अभ्यास झाला. २०२३ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. पाच वर्षांनी जिवंत असलेल्या बायकांचे प्रमाण औषध न टोचलेल्या गटात शंभरात सुमारे ८६ होते आणि टोचलेल्या गटात सुमारे ९०. दात काढताना वापरतात तसल्या स्वस्त औषधाने हे साधले. ऑपरेशनआधी आपल्या डॉक्टरांना याबद्दल जरूर विचारावे.

तुमच्या रिपोर्टवरच्या खुणा

संशोधनातल्या खुणा वेगळ्या आणि आपल्या हातात येणाऱ्या रिपोर्टवरच्या वेगळ्या. सुईने तुकडा काढून केलेल्या तपासणीत म्हणजे बायोप्सीत तीन खुणा पाहतात. ईआर आणि पीआर या संप्रेरकांच्या खुणा. त्या पॉझिटिव्ह असतील तर गोळीचा उपयोग होतो. तिसरी खूण हर-टू. तिची नोंद शून्य, एक, दोन किंवा तीन अशी असते. तीन म्हणजे पॉझिटिव्ह, आणि दोन आल्यास फिश नावाची आणखी एक तपासणी लागते. हर-टू पॉझिटिव्ह असेल तर ट्रॅस्टुझुमॅब हे औषध असते. ते साधारण एक वर्ष चालते.

तिन्ही निगेटिव्ह असतील तर त्याला ट्रिपल निगेटिव्ह म्हणतात. तो जास्त वेगाने वाढतो, तरुण बायकांत जास्त दिसतो, आणि आपल्या देशात त्याचे प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा जास्त आढळते. सीडी ४४ जास्त असलेल्या पेशीही या प्रकारात जास्त सापडतात. इथे गोळी चालत नाही, केमोचाच मोठा आधार असतो, म्हणून केमोची एकही फेरी चुकवू नये.

हे रिपोर्ट रेशनकार्डाइतके जपून ठेवा. मेणात ठेवलेला गाठीचा तुकडा, ज्याला ब्लॉक म्हणतात, तो कुठे आहे तेही विचारून ठेवा. दुसऱ्या डॉक्टरांना दाखवताना लागतो.

वस्तीतच लवकर सापडू शकते

मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा मेमोरियलने १९९८ पासून ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून अधिक बायकांना घेऊन एक मोठा अभ्यास केला. त्यातल्या निम्म्या वस्त्यांत शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी बायकांचे स्तन हाताने तपासले. मॅमोग्राफीचे महागडे यंत्र वापरले नाही. वीस वर्षांनी, २०२१ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. तपासणी झालेल्या वस्त्यांत पुढच्या टप्प्यात सापडलेल्या रुग्णांचे प्रमाण शंभरात ३७ होते, तर तपासणी न झालेल्या वस्त्यांत ४७. पन्नाशी ओलांडलेल्या बायकांमध्ये या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतल्या बायकांत मृत्यूंमध्ये असा फरक दिसला नाही. तरी वस्तीतल्या बाईने वस्तीतल्या बाईला तपासून जीव वाचतात, एवढे यातून स्पष्ट झाले.

महिन्यातून एकदा, पाळी संपल्यावर, आपले स्तन आणि काख चाचपून पाहावी. पाळी गेलेल्या बायकांनी महिन्याची एक तारीख ठरवावी. गाठ, कातडीला खळी, संत्र्याच्या सालीसारखी कातडी, आत ओढले गेलेले बोंड, बोंडातून रक्त, काखेत गाठ, यातले काहीही दिसले तर महिना वाट पाहू नये. कॅन्सरची गाठ बहुतेक वेळा दुखत नाही, आणि दुखत नाही म्हणूनच ती अंगावर काढली जाते. बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात, पण ते तपासूनच ठरते. कोथरूडमधल्या सुतार दवाखान्यासारख्या महापालिकेच्या दवाखान्यात आधी दाखवावे. पुरुषांनाही हा रोग क्वचित होतो. त्यांनीही गाठ लपवू नये.

तीन गैरसमज

"सुई लावली की कॅन्सर पसरतो." बायोप्सीच्या सुईने रोग बळावतो असे अभ्यासांत आढळलेले नाही. बायोप्सीशिवाय खुणा कळत नाहीत आणि योग्य औषध ठरत नाही. खरा धोका तपासणी न करता कोणाकडूनही गाठ कापून घेण्यात आहे.

"स्टेम सेलच्या उपचाराने कॅन्सर बरा होतो." या पाठातल्या मूळपेशी रोगाच्या आहेत. स्तनाच्या कॅन्सरवर स्टेम सेलची इंजेक्शने हा मान्य उपचार नाही. जाहिरातीला भुलून दागिने मोडू नका. ऐकीव गोष्ट तपासून घ्यावी ही तर आपली शिकवणच आहे.

"हा रोग शिवल्याने होतो." होत नाही. रुग्णाचे ताट, अंथरूण वेगळे करू नका.

पैशाची सोय

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे ऑपरेशन, केमो आणि रेडिएशन बसते. रेशनकार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटावे, किंवा १५५३८८ वर फोन करावा. पुणे महापालिकेच्या शहरी गरीब योजनेची चौकशी आपल्या क्षेत्रीय कार्यालयात करावी. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणे बंधनकारक आहे. तिथल्या समाजसेवा विभागात तसे स्पष्ट बोलून मागावे. हा हक्क आहे, उपकार नव्हे.

आणि शेजाऱ्यांनो, शेकाच्या दिवसांत तिच्या मुलांना जेवू घालणे, तिच्या कामावर आठवडाभर बदली जाणे, बसमध्ये सोबत जाणे, हेही उपचारच आहेत. पैशाअभावी जितक्या बायका उपचार सोडतात, तितक्याच सोबतीअभावी सोडतात असे आम्हाला वाटते.

चर्चेसाठी प्रश्न

१. गाठ काढल्यावरही केमो, शेक आणि गोळी का लागते? हरळीच्या उदाहरणाने सांगा.

२. संशोधनातल्या खुणा कोणत्या आणि रिपोर्टवरच्या खुणा कोणत्या?

३. मुंबईच्या वस्त्यांमधल्या अभ्यासातून आपल्या वस्तीने काय घ्यावे?

४. आपल्या वस्तीत सध्या कोणी बहीण उपचार घेत आहे का? तिचे उपचार पुरे व्हावेत म्हणून मंडळ या महिन्यात कोणते एक काम करील? ते ठरवा आणि वहीत लिहून ठेवा.